गळका फ्लॅट विकताना

आईचा डोंबिवलीचा फ्लॅट विकायला काढला डिसेंबर २०२३ मध्ये आणि किल्ल्या दिल्या ऑक्टोबर २०२४ मध्ये. त्यातले पहिले दोन महिने मी जे केलं ते लिहायला बरं वाटत नाही, पण ते गाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

बिल्डिंग १९९३ ची. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. आई चौथ्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. बाबांनी घेतानाच फ्लॅट आईच्या नावावर घेतला होता, त्यामुळे बाबा गेल्यावर वारसांची कागदपत्रं करावी लागली नाहीत. (ज्यांचं तसं नाही त्यांनी एजंटला फोन करण्याआधी ते उरकून घ्यावं. गिऱ्हाईक दारात आलं की कागदासाठी थांबत नाही.)

२०१९ च्या पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात छताला ओल आली. आधी चहा सांडल्यासारखा डाग, मग पोपडे, आणि २०२१ ला थेंब. सोसायटीने गच्चीवर दोनदा केमिकल मारलं. दर वेळी एक पावसाळा निभायचा, पुढच्याला पुन्हा बादली. २०२२ मध्ये पॅसेजच्या छताचा पाटाएवढा तुकडा पहाटे खाली आला. आई नेमकी दूध घ्यायला दारात गेली होती. वर सळ्या दिसायला लागल्या, गंजून फुगलेल्या. त्याच वर्षी सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेतलं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. आमच्याकडे ते एकोणतिसाव्या वर्षी पहिल्यांदा झालं. अहवालात आईच्या आणि शेजारच्या फ्लॅटवरच्या स्लॅबमधल्या सळ्या गंजल्याचं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढून नव्याने करायला हवं असल्याचं आणि पार्किंगमधल्या दोन कॉलमना जॅकेटिंग (बाहेरून काँक्रीटचा नवा थर) लागेल असं लिहिलं होतं. खर्चाची वाटणी प्रत्येक घरामागे १,४०,००० रुपये. सर्वसाधारण सभेत तळमजल्याच्या लोकांना ते पटेना, आणि विषय ‘पुढील सभेत घ्यावा’ असा ठराव झाला. पॅसेजला तेवढं आईने स्वतःच्या पैशाने प्लास्टर करून घेतलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आईचे गुडघे चार जिने चढेनासे झाले आणि ती माझ्याकडे ठाण्याला आली. रिकामं घर ठेवून दर महिन्याला मेंटेनन्स भरण्यापेक्षा विकूया, असं तिचंच म्हणणं.

एजंटने घर पाहिलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाला, “ताई, आत्ता डिसेंबर आहे. पीओपी मारून घ्या, रंग काढा, मे महिन्याच्या आत मोकळे व्हाल. पावसाळा लागला तर पाच लाख गेले समजा.” मी फार विचार केला नाही. सगळेच करतात, असं मनात होतं. पीओपीचे ४८,०००, रंगाचे ३५,०००. फोटो इतके छान आले की आईला पाठवले तर ती म्हणाली, हे आपलंच का?

जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात एक तरुण जोडपं आलं. लहान मूल कडेवर. त्यांना घर आवडलं. किंमत ५४ लाख ठरत आली होती. बाहेर पडता पडता तो मुलगा सहज म्हणाला, “टॉप फ्लोअर आहे, पावसात काही त्रास?”

मी म्हटलं, “आता नुकतंच सगळं काम करून घेतलंय.”

शब्द न् शब्द खरा होता.

त्यांनी एक लाख इसार दिला. इसार पावती एजंटनेच छापील नमुन्यावर भरली. त्यात एक ओळ होती (‘लिहून घेणार’ म्हणजे खरेदीदार): सदर सदनिका लिहून घेणार यांनी समक्ष पाहिली असून ती आहे त्या स्थितीत घेण्यास ते तयार आहेत. एजंटने त्या ओळीवर बोट ठेवून मला हळूच सांगितलं, “ही आहे ना, मग आपल्याला काही नाही.” मीही तसंच समजले.

विक्रीच्या कराराच्या, म्हणजे साठेखताच्या, मसुद्यासाठी आम्ही वकीलबाईंकडे गेलो ती तारीख २९ जानेवारी. मूळ करार, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सच्या पावत्या असं सगळं घेऊन या, असं त्यांनी सांगितलं होतं. आईने आपल्या पिशवीतून आणखी एक फाईल काढली. हिरवी, दोरीची. वर तिच्या अक्षरात ‘गळती – सोसायटी’. आत एकोणीस पत्रं, प्रत्येकावर सोसायटीची पोच, फोटो, ऑडिटच्या अहवालाची झेरॉक्स. ती वकीलबाईंना म्हणाली, “ही नव्या लोकांना द्यायची ना? त्यांना सोसायटीच्या मागे लागायला उपयोगी पडेल. पहिल्यापासून तारखा लावून ठेवल्यात मी.”

आईला माहीतच नव्हतं की आपण काही लपवतोय. गॅसचं पुस्तक, लाइटबिलं तशी ही फाईल घराबरोबर जाणार, असं तिने धरलं होतं. मी टेबलाकडे बघत बसले.

वकीलबाईंनी फाईल पूर्ण चाळली. मग विचारलं, “घेणाऱ्यांना यातलं काय काय सांगितलंय?” मी पीओपीचं सांगितलं, त्या मुलाचा प्रश्न सांगितला, माझं उत्तर सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मसुदा बाजूला ठेवला आणि अर्धा तास मला जे समजावलं, ते आधी कुणी सांगितलं असतं तर ८३,००० रुपये आणि बरीच लाज वाचली असती.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चा. त्याचं कलम ५५. मालमत्तेत किंवा मालकी हक्कात असा एखादा महत्त्वाचा दोष असेल, जो विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही, आणि घेणाऱ्याने सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येणार नाही, तर तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. त्याच कलमात पुढे आहे की असं न सांगणं म्हणजे कपट. मी लगेच ‘आहे त्या स्थितीत’चा मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, कलमाची सुरुवातच ‘उलट करार नसेल तर’ अशी आहे, त्यामुळे त्या ओळीला काहीच किंमत नाही असं नाही. जे समोर दिसतंय, तुटकी फरशी, जुनं वायरिंग, त्याबद्दल नंतर कुणी भांडायला आलं तर ती ओळ कामाची. जे तुम्हालाही माहीत नव्हतं त्यालाही तिचा आधार मिळू शकतो. पण तुम्हाला एकोणीस पत्रांइतकं माहीत आहे. ते दडवून पुन्हा त्या ओळीच्या आड उभं राहायला कोर्ट देईल, या भरवशावर राहू नका.

“पण त्यांनी बघून घ्यायला नको का?” हा एजंटचा प्रश्न मी माझा म्हणून विचारला. त्याचं उत्तरही त्यांच्याकडे होतं. भारतीय करार अधिनियमात, तो १८७२ चा, नुसतं गप्प बसणं एरवी कपट ठरत नाही, जिथे बोलणं कर्तव्य आहे तिथे ठरतं. आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीने खरं कळलं असतं तर गप्प बसण्याच्या मुद्द्यावर करार मोडता येत नाही, अशी सोयही आहे. “पण तुम्ही गप्प बसला नाहीत,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वर पीओपी मारला. ते झाकणं झालं. आणि त्यांनी विचारल्यावर दिलेलं उत्तर त्याहून वाईट.”

पुढे काय होऊ शकतं तेही त्यांनी सांगितलं. दिवाणी दावा, करार रद्द करून पैसे परत किंवा नुकसानभरपाई. मुदत तीन वर्षांची, पण कपट असेल तर ती कपट उघड झाल्यापासून मोजली जाते, म्हणजे पहिल्या पावसापासून. प्रतिवादी कोण, तर आई, वय ७४. रेरातली, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यातली, पाच वर्षांची बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची असते. पुनर्विक्री करणाऱ्या घरमालकाशी तिचा संबंध नाही, हेही मला त्या दिवशीच कळलं. मी उगाचच रेराला घाबरत होते आणि ज्याला घाबरायला हवं ते कलम माझ्या आजोबांच्या जन्माआधीपासूनचं होतं.

बाहेर पडल्यावर आई रिक्षात एवढंच म्हणाली, “म्हणजे तो पीओपी त्यासाठी होता?”

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला फोन केला. भेटून सांगावं असं वाटत होतं, पण धीर झाला नाही. सगळं सांगितलं, फाईलचे फोटो पाठवते म्हटलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “मी विचारलं होतं ना तुम्हाला?” त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. दोन दिवसांनी त्यांनी नको म्हणून कळवलं. एक लाख मी त्याच दिवशी बँकेतून परत केले आणि इसार पावती रद्द केल्याचं दोघांच्या सह्यांनी लिहून घेतलं. हे लिहून घेणं विसरू नका. एजंटच्या कपाटात जुन्या इसार पावत्या पडून असतात. एजंटने मला बरंच सुनावलं, मग फोन उचलणं बंद केलं.

फेब्रुवारीत पीओपी काढला. काढायचे ६,०००. खाली स्लॅब तसाच होता, उलट पीओपीच्या हुकांसाठी भोकं पाडल्यामुळे दोन ठिकाणी आणखी पोपडे. एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणले, फी ६,५००. त्यांनी छोट्या हातोडीने छत ठोकत ठोकत खोली पालथी घातली. चांगल्या जागी टणक आवाज यायचा, वाईट जागी मडक्यासारखा पोकळ. पोकळ जागेभोवती ते खडूने रेघ मारत गेले आणि शेवटी बेडरूमच्या छतावर एखाद्या नकाशासारखा आकार तयार झाला, साधारण सव्वा चौरस मीटरचा. इतकी वर्षं आम्ही ज्याला ‘कोपरा’ म्हणत होतो तो एवढा होता. आतून दुरुस्तीचा अंदाज १,८५,०००: सैल काँक्रीट काढणं, सळ्या घासून गंजरोधक लावणं, पॉलिमर मॉर्टर. पण गच्चीवरून पाणी मुरणं थांबत नाही तोवर खालून काहीही केलं तर दोन-तीन पावसाळ्यांत पहिले पाढे पंचावन्न, असं त्यांनी लेखी दिलं. गच्ची सोसायटीची. म्हणून आम्ही दुरुस्ती न करता किंमत कमी करायची ठरवलं. वकीलबाईंचं मत होतं की दुरुस्ती केली तरी सांगायचं ते सांगायचंच.

मार्च गेला सोसायटीत. मला हव्या होत्या तीन गोष्टी: ऑडिट अहवालाची सही-शिक्क्याची प्रत, २०२२ च्या सभेचं इतिवृत्त, आणि दुरुस्तीची वर्गणी किती, ठरली आहे की नाही याचं पत्र. सेक्रेटरी काका भले गृहस्थ, पण ते म्हणाले, “हे बाहेर गेलं तर सगळ्यांच्याच घराचे भाव पडतील.” दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या. तिसऱ्या वेळी आईच्या सहीचा रीतसर अर्ज दिला, त्यात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ चा उल्लेख केला. सभासदाला ठराविक कागद पाहण्याचा आणि शुल्क भरून प्रती घेण्याचा हक्क त्यात आहे. झेरॉक्सचे पैसे भरले, बारा दिवसांत प्रती मिळाल्या. भांडण झालं नाही. कलमाचा आकडा दिसला की अर्ज फायलीत जातो, एरवी तो टेबलावरच्या काचेखाली जातो.

मग परिशिष्ट, म्हणजे घराचे माहीत असलेले दोष लिहून कराराला जोडायची पानं. वकीलबाईंनी मला सांगितलं, तुम्हीच लिहून आणा, मी तपासते. मी पहिला मसुदा लिहिला: ‘बेडरूमच्या कोपऱ्यात पावसाळ्यात किरकोळ गळती होत असे.’ त्यांनी ‘किरकोळ’ खोडलं. ‘कोपऱ्यात’ खोडलं. ‘होत असे’ खोडून ‘होते’ केलं. वाक्य पुन्हा लिहायला लावलं: कुठल्या वर्षापासून, कुठल्या खोलीत, किती भागात, सोसायटीने कधी काय केलं, त्यानंतर काय झालं. विशेषणं नाहीत, तारखा फक्त. आणि ‘दुरुस्त केले आहे’ असं कुठेही लिहायचं नाही. काय काम केलं, कुणी, कधी, एवढंच. उद्या ते टिकलं नाही तर ‘दुरुस्त’ हा शब्द हमी होऊन बसतो.

आईने स्वतःची वेगळी यादी केली होती. तिच्यात पहाटे साडेपाचची टाकीच्या मोटरची घरघर, खिडकीतली कबुतरं, समोरच्या मंगल कार्यालयाचा बँड आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा स्वभाव हेही होतं. वकीलबाई मनापासून हसल्या. बँड आणि कबुतरं ज्याला घर बघायला डोळे-कान आहेत त्याला कळतात, म्हणून ती गेली. स्वभाव अर्थातच गेला. पण आईच्या यादीतली एक गोष्ट त्यांनी उचलली, जी माझ्या डोक्यातच नव्हती: १९९८ मध्ये बाबांनी बाल्कनी बंद करून हॉलमध्ये घेतली होती. मंजूर नकाशात ती बाल्कनी आहे. अशा बांधकामाला परवानगी नसेल तर तेही सांगायचं, कारण नवं गिऱ्हाईक भिंत बघतं, नकाशा बघत नाही. तसंच न भरलेली पण येऊ घातलेली १,४०,००० ची वर्गणी. ती छतावर दिसत नाही, पण पहिल्याच वर्षी नव्या मालकाच्या दारात येणार.

शेवटी अडीच पानं झाली. सोबत अहवाल, इतिवृत्त, इंजिनिअरचं पत्र, आईच्या पत्रांची सूची. वकीलबाईंची एकूण फी, साठेखत धरून, ३०,०००.

याच सुमारास सॅन होजेला असलेल्या माझ्या मावसभावाशी बोलणं झालं. त्याने तिकडे घर विकलं होतं. कॅलिफोर्नियात विकणाऱ्याला एक छापील प्रकटन फॉर्म भरून द्यावा लागतो, छत, पाणी, पाया, शेजाऱ्यांशी वाद, सगळं विचारलेलं असतं, आणि ‘आहे तसं’ विकत असलात तरी तो फॉर्म चुकत नाही. इतकंच काय, गेल्या तीन वर्षांत घरात कुणाचा मृत्यू झाला असेल तर तोही साधारणपणे सांगतात. मला हेवा वाटला, तो फॉर्मचा. आपल्याकडे कर्तव्य आहे, रकाने नाहीत. काय सांगायचं हे ज्याचं त्याने आठवायचं, आणि आठवणीला अशा वेळी बरोबर झोप लागते.

एप्रिल ते जून अकरा जण घर बघून गेले. नवा एजंट होता, त्याला पहिल्याच दिवशी परिशिष्ट दाखवलं होतं. तो म्हणाला, “दाखवू की, पण शेवटी दाखवू.” यावर मात्र मी अडून बसले: इसार घेण्याआधी. रजिस्ट्रेशनच्या दिवशी चाळीस पानांत ही अडीच पानं सरकवणं म्हणजे पुन्हा तोच पीओपी. पद्धत अशी ठेवली की घर आवडलं म्हणाले की फाईलची प्रत द्यायची, घरी न्या म्हणायचं, आणि एका कागदावर ‘प्रत मिळाली’ म्हणून तारखेसह सही घ्यायची. तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

अकरापैकी सात जणांनी फाईल नेली आणि पाच जणांचा पुन्हा फोन आला नाही. एकाने ४२ लाख सांगितले. एका गृहस्थांनी मलाच उपदेश केला की असं सगळं सांगत बसलात तर घर विकलं जाणार नाही. मे महिन्याच्या अखेरीस मलाही तसंच वाटत होतं. दर महिन्याचा मेंटेनन्स, आईचं ‘काय झालं गं?’, आणि आकाशात ढग. खोटं सांगणार नाही, त्या आठवड्यात मी पीओपीवाल्याचा नंबर पुन्हा शोधला होता. लावला नाही, इतकंच.

जुलैत धो धो पाऊस चालू असताना एक पन्नाशीचं जोडपं आलं. ती शाळेत शिक्षिका, तो कारखान्यात देखभाल विभागात. अंबरनाथला भाड्याने वरच्याच मजल्यावर राहिलेले. बेडरूममध्ये बादली ठेवलेली होती, थेंबाचा आवाज येत होता. त्याने बूट काढले, खुर्चीवर चढला आणि खडूच्या रेघांच्या आत-बाहेर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. मग गच्चीवर गेला, छत्री न घेता. खाली आल्यावर ओल्या अंगाने अर्धा तास आईची पत्रं वाचली. दुसऱ्या दिवशी फोन: छताचे १,८५,०००, वर्गणीचे १,४०,०००, आणि कटकटीचे वेगळे. ‘कटकटीचे’ किती यावर तीन दिवस घासाघीस झाली. ४९ लाखांवर आलो. म्हणजे जानेवारीच्या ५४ पेक्षा पाच लाख कमी. एजंटचं भाकीत आकड्याला आकडा जुळलं, हे त्याला श्रेय द्यायला हवं.

पुढचं पटापट सांगते. त्यांच्या बँकेने कर्जासाठी मूल्यांकन करणारा पाठवला. परिशिष्ट वाचून बँकेने इमारत अजून किती वर्षं राहण्यायोग्य आहे याचं इंजिनिअरचं पत्र मागितलं. त्याचे ८,००० आणि तीन आठवडे. सोसायटीचं ना-हरकत पत्र विक्रीसाठी उपविधींनुसार लागत नाही, पण बँकेला लागतंच, त्यात भांडू नका. सोसायटी घेते ते हस्तांतरणाचं अधिमूल्य महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,०००. ‘ऐच्छिक देणगी’ मागितली तर पावती आणि ठराव मागा. किंमत आणि रेडीरेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य दोन्ही पन्नास लाखांच्या आत असल्यामुळे घेणाऱ्याने एक टक्का कर कापून भरायची, म्हणजे टीडीएसची, भानगड झाली नाही. उशिरामुळे व्यवहार २३ जुलै २०२४ च्या, म्हणजे कराचा नियम बदलला त्या तारखेच्या, पुढे गेला, तेव्हा भांडवली नफ्यावर इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) वीस टक्के की त्याशिवाय साडेबारा, यातलं कमी ते निवडायची मुभा जुन्या घराला होती. सीएंनी दोन्ही करून दाखवलं, फी ७,५००. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्य मूल्यांककाकडून आधीच काढून ठेवा.

साठेखत १८ सप्टेंबरला. दुय्यम निबंधक कार्यालयात अकराची वेळ, नंबर आला पावणेतीनला. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घेणाऱ्यांची. आईच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात. आयुष्यभर भांडी घासलेल्या बायकांचं हे नेहमीचं आहे, असं तिथला मुलगा म्हणाला आणि त्याने बोटाला थोडं पाणी लावायला सांगितलं. चौथ्या वेळी उमटले. करारात ‘आहे त्या स्थितीत’ ही ओळ होतीच, वकीलबाईंनी ती काढली नाही. फक्त तिच्यापुढे जोडलं: ‘परिशिष्ट ड मध्ये नमूद केलेल्या बाबी लिहून घेणार यांनी वाचून व समजून घेतल्या असून त्या विचारात घेऊन मोबदला ठरला आहे.’ परिशिष्टाच्या प्रत्येक पानावर दोन्हीकडच्या सह्या. आईने प्रत्येक पान पुन्हा वाचलं. मागे रांग लागली होती, तरी वाचलं.

कर्जाचा चेक १४ ऑक्टोबरला आला. १६ ला ताबा. आईला खुर्चीवर बसवून चार मजले वर नेली, दोन मुलांनी उचलून, प्रत्येकी दोनशे रुपये. तिने नळाचे कॉक, मीटर, माळ्याची फळी सगळं दाखवलं. मग बेडरूममध्ये जाऊन फरशीवरची एक जागा पायाच्या अंगठ्याने दाखवली: “बादली इथे. दरवाजाच्या बाजूला नको, तिथे शिंतोडे उडतात.” हिरवी फाईल त्या बाईंच्या हातात दिली. देताना दोरी सोडून पुन्हा बांधली.

जून २०२५ मध्ये त्या गृहस्थांचा मेसेज आला. सोसायटीने शेवटी काम काढलं होतं. फोटोत गच्ची उकरलेली, विटांच्या तुकड्यांचे ढीग, वर निळी ताडपत्री. मी आईला दाखवला. तिने चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

“ते कोपऱ्यातलं पाणी जायचं भोक बघ. बुजलेलंच आहे अजून. पहिल्याच पत्रात लिहिलंय मी ते.” मग फोन माझ्या हातात दिला. “कळव त्यांना. तारीख पण घाल.”